शीर

दारावर लाल दिवा लागला की समजायचं
आत लेसर चालू आहे आणि मी आत आहे,
रबाळ्याला, एमआयडीसीत, औषधाच्या कंपनीला पाठ टेकून बसलेल्या
एका बिनखिडकीच्या खोलीत.

तुर्भ्याच्या खाणीत लाल फडकं असायचं.
मग शिट्टी, मग सगळे ट्रकच्या आडोशाला,
मग बार.
अप्पांचा डावा कान तिथेच राहिला.

रात्री दोन ते चार ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंटेनर जरा विरळ होतात.
आरसे तेवढेच काय ते शांत.
टिपणीस मॅडम म्हणतात, दुर्गव्वा, आता घे.
मी घेते.
हायड्रोजनचा रेणू, एक इलेक्ट्रॉन आधीच काढून घेतलेला;
दोन प्रोटॉन, आणि मध्ये उरलेला एकच,
दोघांनी पुरवून पुरवून वापरायचा.
असे लाखो, एका रेषेत, निर्वात नळीतून धावत येतात
आणि वाटेत प्रकाश उभा असतो
तीस फेम्टोसेकंद.

किती म्हणजे किती, अप्पांनी विचारलं.
सेकंदाचा अब्जावा भाग घ्या,
त्याचे करा दहा लाख तुकडे, त्यातले तीस.
ते म्हणाले, एवढ्यात काडीसुद्धा पेटत नाही.
आवाज?
येत नाही.
धूळ?
नळीत हवाच नाही, अप्पा, धूळ कुठली.
यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
खोकले.
मग म्हणाले, आणि खडी कोण उचलतं?

खडी डिटेक्टर उचलतो.
कुठे पडली, कधी पडली, एवढंच लिहून ठेवतो.
एक तुकडा इलेक्ट्रॉन घेऊन जातो, दुसरा रिकाम्या हातानं.
कधी दोघेही रिकामे, आणि तेव्हा ते
एकमेकांपासून असे पळतात की बघवत नाही
(बघता येतच नाही म्हणा).
जितके जवळ असताना तुटले तितके जोरात.
त्या जोरावरून मी उलटा हिशेब करते,
शेवटच्या क्षणी त्यांच्यात अंतर किती होतं.

पहाटेपर्यंत पडद्यावर ठिपके साठतात.
वर एक कोर, खाली एक कोर,
मध्ये काळं.
प्रकाशाच्या दिशेनं जे उभे होते तेच फुटले.
आडवे होते ते तसेच पुढे गेले,
अंगावर ओरखडा नाही.

हे सांगितलं तेव्हा मात्र अप्पा उठून बसले.
मग! शीर बघितल्याशिवाय घण उचलतं का कोणी?
आडवे वीस घाव घाल, दगड ढिम्म.
शिरेवर एक.
त्यांनी हवेतच मनगट वळवलं,
बारीकसं, मी आरशाचा स्क्रू वळवते तेवढंच.

खाणी बंद झाल्या त्याला वर्षं झाली.
डोंगर अर्धा खाल्लेला आहे तसाच उभा आहे,
त्याच्या खडीवर वाशी उभी आहे, नेरुळ उभं आहे,
आमच्या प्रयोगशाळेचा पायाही त्यातलाच असणार.
मॅडमना एकदा म्हटलं तर त्या खाली बघत राहिल्या,
फरशीकडे.

मागच्या शनिवारी लेसर बंद होता. अप्पांना नेलं.
नळीकडे, पंपाकडे, चकचकीत आरशांकडे
त्यांनी लग्नातल्या लांबच्या पाहुण्यांकडे बघावं तसं बघितलं.
मग कोपऱ्यातल्या दगडी पाटाशी थांबले,
ज्याच्यावर आम्ही जपून ठेवतो सगळ्यात नाजूक काच.
तळवा फिरवला. बोटाच्या पेरानं दोनदा वाजवून
चांगला कान लावला.

हा आपल्याकडचा नाही, म्हणाले,
हा कृष्णेच्या पलीकडचा. आपल्या गावाकडचा.
आणि मॅडमचा हात धरून, त्यांना विचारायच्या आत,
त्यांचं बोट पाटाच्या कडेला एका जागी टेकवलं.

इथून मारलं तर फुटेल.

मॅडम म्हणाल्या, कुठून?
त्यांनी परत दाखवलं.
तिथे काहीच दिसत नव्हतं.
मी पेन्सिलीनं खूण करून ठेवली आहे,
म्हणजे साफसफाई करताना
तिथे कोणी काही आपटू नये.